चौदा नंबरचा सांधा

रविवारी दुपारी सगळ्यांनी एकाच टेबलाशी बसून जेवायचं, हा आबांच्या घरचा कायदा होता. कायदा आबांचा, अंमल आत्याबाईंचा. धाकट्याला लहानपणी एकदा ताप आला होता, तर आत्याबाईंनी त्याला पांघरुणासकट उचलून आणून खुर्चीत बसवलं होतं आणि वर म्हटलं होतं, "ताप तिकडे पडून उतरतो, तसा इकडे बसूनही उतरतो."

त्या रविवारी फोटोवालीला वाटत होतं, आपल्याला नुसता ताप आला असता तर किती बरं झालं असतं.

फोटोवाली म्हणजे धाकट्याची बायको. गोदीत जहाजाच्या पत्र्यांना वेल्डिंग झालं की त्या सांध्यांचे एक्स-रे काढायचे, फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून वाचायची आणि सांधा पास की बाद ते रजिस्टरात लिहायचं, हे तिचं काम. लग्न करून ती या घरात आली तेव्हा आत्याबाईंनी विचारलं होतं, "लोखंडाला फोटो कशाला हवा गं? ते काय पासपोर्ट काढणार आहे?" तेव्हापासून तिचं नाव फोटोवाली पडलं ते पडलंच.

स्वयंपाकघरात ती बटाटे सोलत होती आणि धाकटा शेजारी उभा राहून कच्चं गाजर खात होता. धाकटा गोदीत क्रेन चालवायचा. दिवसभर उंचावर एकट्याने बसावं लागतं, म्हणून राहिलेलं सगळं बोलणं तो घरी येऊन पुरं करी.

"काय झालंय?" तो म्हणाला. "तू बटाटा सोलत नाहीयेस, कोरतेयस."

"तळाच्या पत्र्याचा एक सांधा खराब आलाय. काल संध्याकाळी फिल्म पाहिली. उद्या सकाळी रजिस्टरात चढवायची."

"मग चढव की. तुझा रोजचाच धंदा आहे तो. निम्मी गोदी तुझ्या नावाने बोटं मोडते."

"नंबर चौदा आहे."

धाकट्याचं गाजर तोंडातच राहिलं. गोदीत प्रत्येक वेल्डर आपल्या सांध्याशेजारी पत्र्यावर स्वतःच्या नंबराचा ठोका मारतो. चौदा नंबर त्याच्या थोरल्या भावाचा होता.

थोरल्याचे या महिन्यात दोन सांधे आधीच बाद झाले होते. एकात पत्र्यांमधली फटच जास्त होती, दुसरा भर वाऱ्यात करायला लावला होता. थोरल्याचा दोष असा त्यात फारसा नव्हता. पण रजिस्टर कारणं विचारत नाही. महिन्यात तीन बाद म्हणजे वेल्डरचं कार्ड काढून घेतात आणि त्याला शिकाऊ पोरांच्या ओळीत बसून पुन्हा परीक्षा द्यावी लागते. आणि पुढच्याच आठवड्यात थोरल्याला मुकादम करायचं घाटत होतं.

"घरात कुणाला बोललीस?"

"तुम्हालाच बोलतेय."

"मग आता सगळ्यांना कळलंय," दारातून आवाज आला. थोरली जाऊ हातात ताटं घेऊन उभी होती. "यांचा आवाज क्रेनवरून बोलल्यासारखा असतो. कुणाचा चौदा?"

फोटोवालीने सांगितलं. थोरलीने ताटं खाली ठेवली, एकावर एक, अगदी हळू. ती रागावली की भांडी कधी आपटत नसे. हळू ठेवायची. त्याचीच सगळ्यांना धास्ती होती. मुकादमाला गोदीच्या फाटकाजवळ गॅलरीचं घर मिळतं, आणि त्या गॅलरीचं माप घेऊन तिने पडदेसुद्धा शिवून ठेवले होते.

"तू लिहू नकोस, असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "नीट बघ, एवढंच म्हणते."

"तीनदा पाहिली, ताई."

"चौथ्यांदा बघ."

"दोन वितींच्या लांबीत नुसती छिद्रंच छिद्रं आहेत. अळीने पेरू खावा तशी. आणि तळाचा सांधा आहे तो. पलीकडे समुद्र असणार."

"एवढ्या मोठ्या जहाजात समुद्राला काय ठाऊक, छिद्र कुठे आहे ते?"

"समुद्राला तेवढंच ठाऊक असतं, ताई."

थोरलीने तिच्याकडे असं बघितलं की धाकट्याने मधे पडायची तयारी म्हणून उरलेलं गाजर खिशात टाकलं. तेवढ्यात पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन खुद्द थोरला आत आला. तो बोलायला फार कंजूस. कॅन ठेवला, तिघांची तोंडं पाहिली आणि समजला.

"तळाचा?"

"हो, भाऊजी."

"लिही मग. माझा नंबर आहे."

बस. एवढंच म्हणून तो हात धुवायला वळला. आणि नेमकं तेच फोटोवालीला खटकलं. हा माणूस आपल्या सांध्यासाठी साहेबाशीसुद्धा भांडायचा. मागचे दोन बाद झाले तेव्हा फिल्म स्वतः पाहिल्याशिवाय त्याने सही केली नव्हती. आज त्याने छिद्रं कसली, कुठे, एवढंही विचारलं नाही.

"भाऊजी, एक विचारू? तसली छिद्रं वेल्डिंगच्या ओल्या रॉडने पडतात. रॉडला दमट हवा लागलेली असली की वितळताना वाफ आत अडकते. पण आपल्याकडे रॉड भट्टीतून गरम गरम मिळतात. मोजून. ओला रॉड गोदीत शोधून सापडायचा नाही. मग तुम्हाला कुठून मिळाला?"

थोरला हात धुतच राहिला. हात स्वच्छ होऊन बराच वेळ झाला होता.

उत्तर आलं ते भलत्याच ठिकाणाहून. थोरली एकाएकी आतल्या खोलीत गेली, पांघरुणांचं कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ती पत्र्याचा एक डबा घेऊन परत आली. डब्यात आबांच्या नोकरीतलं शेवटचं रॉडचं पुडकं असायचं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ते आठवण म्हणून आणलं होतं, आणि गेली तेरा वर्षं ते रजयांच्या मधे झोपून होतं. तिने डबा उलटा केला. त्यातून एक डांबरगोळी पडली आणि घरंगळत टेबलाखाली गेली.

"मंगळवारी," धाकटा म्हणाला. "मंगळवारी जुन्या कामगारांना नवीन जहाज बघायला बोलावलं होतं. आबा गेले होते. घरी आले ते शीळ घालत. बाहीला जळल्याचं भोक होतं आणि विचारलं तर म्हणाले, विडीचं."

"आबा विडी ओढत नाहीत," थोरली म्हणाली.

"तेच मला मंगळवारी सुचलं नाही."

मग थोरल्याला बोलावंच लागलं. जेवायच्या सुट्टीत सगळे वर गेले होते. खाली जहाजाच्या तळाशी तो आणि आबा दोघेच. आबा सांध्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, जरा धरू का. "आजवर त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं," थोरला म्हणाला. "दिला रॉडचा होल्डर. मी शिडीपाशी उभा राहून कुणी येतंय का ते बघत होतो. रॉड कुठला लावतायत ते पाहिलं नाही. आतला थर त्यांनी भरला, वरचा मी घातला. वरून झकास दिसत होतं."

"वरून झकास," थोरली म्हणाली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग जावेकडे, आणि एका क्षणात बाजू बदलली. "लिही गं तू. खुशाल लिही. बापाला होल्डर देतो, माझ्या पडद्यांचा विचार करत नाही."

"आबांचं नाव मात्र निघता कामा नये," थोरला म्हणाला. "त्यांना कळताही कामा नये. चाळीस वर्षं त्या माणसाने जहाजं जोडली. आता या वयात त्यांना सांगायचं, तुमचा सांधा बाद?"

"मी नाही सांगणार," धाकटा म्हणाला.

"तुझ्या पोटात काही राहतं का?"

"कशात काही राहत नाही?" आत्याबाई आत येत म्हणाल्या. आबांची ही थोरली बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, कमरेत वाकलेली आणि बाकी कुठेच न वाकलेली. त्यांच्यापासून लपवायला जागा नव्हती; सगळं सांगावं लागलं. ऐकून त्या बटाट्याच्या पोत्यावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"बाळ्याने?" आबांना त्या अजून बाळ्याच म्हणत. "लहानपणी शेजाऱ्याची सायकल नीट करतो म्हणून घेतली होती. तिचे भाग अजून सुटेच आहेत. सांगा त्याला."

"आत्या, नाही."

"बरं. मग ही काय करणार?" त्यांनी फोटोवालीकडे हनुवटी केली.

फोटोवालीने बटाटा खाली ठेवला. आता सगळे तिच्याकडे बघत होते, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत वेगवेगळं उत्तर होतं. "सांधा बाद लिहिणार," ती म्हणाली. "त्यात बदल नाही. चौदा नंबर लिहायचा, तर ते खोटं आहे आणि भाऊजींचं कार्ड जातं. खरं लिहायचं, तर आबांची..."

"सुनांनो," बाहेरून आबांचा आवाज आला, "भात आहे की भाताची मीटिंग?"

टेबलाशी आबा सगळ्यांच्या आधी बसले होते. धुतलेला सदरा, विंचरलेले केस. ज्याला शाबासकी हवी असते पण मागायची नसते, असा माणूस दोन बाजूंनी गोष्टीकडे सरकतो. आबा तर चारही बाजूंनी सरकत होते. आधी त्यांनी हवेची चौकशी केली. मग जहाज कधी पाण्यात उतरणार ते विचारलं. मग माशाचा काटा काढता काढता म्हणाले, "आणि तुझे ते फोटो काय म्हणतात, सूनबाई? तळाकडचे वगैरे?"

"चांगले आलेत," धाकटा म्हणाला.

"अजून काढले नाहीत," त्याच क्षणी थोरला म्हणाला.

"मासा खारट झालाय का?" थोरली म्हणाली.

आबांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "काढले नाहीत, पण चांगले आलेत. वा. आमच्या वेळी असलं नव्हतं. सांध्याला एका बाजूने खडू फासायचा, दुसऱ्या बाजूने घासलेट. खडूवर डाग उमटला नाही की सांधा पक्का. माझ्या खडूवर कधी डाग उमटला नाही. विचारा कुणालाही."

"कुणाला विचारणार?" आत्याबाई म्हणाल्या. "सगळे मेले."

"तळाचा बत्तीस नंबरच्या फासळीजवळचा सांधा," आबा हटेनात. "थोरल्याचा. तो कसा आलाय? सहज विचारतोय."

फोटोवालीने टेबलाखाली नवऱ्याचा पाय जाणवेपर्यंत थांबून पाहिलं. पाय आला, जोरात आला. तिने आपला पाय बाजूला घेतला.

"आबा, तुम्ही जाणकार. मलाच एक विचारायचंय. एका सांध्यात छिद्रं आलीत. गोल नाहीत, लांबुडकी, अळीसारखी, एकमेकांना चिकटून. वरचा थर मात्र आरशासारखा. असं कशाने होतं?"

आबांनी हातातला घास ठेवला. प्रश्न त्यांच्या आवडीचा होता, आणि तेरा वर्षांत असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"अळीसारखी? पत्र्यावर गंज होता?"

"नाही. घासून लख्ख केलेला होता."

"वारा?"

"आतली बाजू. वारा नाही."

"मग त्यात विचारायचं काय? रॉड ओला. शिकाऊ पोरगंसुद्धा सांगेल. रॉड म्हणजे बिस्किट आहे, बाई. हवा लागली की संपला. भट्टीतून काढला की चार तासांत वापरायचा, नाहीतर परत भट्टीत. मी माझ्या हाताखालच्या पोरांना सांगायचो, रॉड खिशात घालून फिरणारा वेल्डर आणि बाळाला पावसात घेऊन फिरणारा बाप, दोघांना एकच शिक्षा पाहिजे. कुठल्या गाढवाने केलाय हा सांधा? कुठे ठेवला होता त्याने रॉड, रजईत गुंडाळून..."

आणि तिथे आबा थांबले.

कुणी जेवेना. आत्याबाई तेवढ्या जेवत होत्या. आबांनी समोरच्या मिठाच्या वाटीकडे पाहिलं, मग थोरल्याकडे. थोरला भातात बोट फिरवत होता. आबांचे कान लाल झाले. आधी एक, मग दुसरा.

"भात वाढ," ते म्हणाले.

थोरलीने वाढला. त्यांनी तो शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. हात धुतले, खुर्ची जागेवर सरकवली, आणि दारात थांबून, कुणाकडेही न बघता म्हणाले, "उद्या मी तुझ्याबरोबर येतोय, सूनबाई."

ते गेल्यावर स्वयंपाकघरात पुन्हा मीटिंग भरली. धाकट्याचं म्हणणं, आबा साहेबाला भेटून सांधा पास करून घेणार. साहेब त्यांच्याच हाताखाली शिकलेला. थोरल्याने मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही. "करून घेऊ देत की," थोरली म्हणाली, आणि जावेकडे पाहून, जरा थांबून, पुढे म्हणाली, "नाही, नको. आपल्याच घरातलं कुणी त्या जहाजातून जायचं." फोटोवाली रात्रभर हेच मनात घोळवत होती, की आबांनी खरंच सांगितलं, 'पास लिही,' तर त्यांना नाही कसं म्हणायचं. नवऱ्याला नाही म्हणता येतं, साहेबाला येतं. ज्याने घरात पहिल्या दिवशी आपल्यासाठी स्वतः खुर्ची ओढली, त्याला नाही म्हणायचे शब्दच तिला कुणी शिकवले नव्हते.

सोमवारी सकाळी तपासणीच्या खोलीत तिने पडदा ओढला, उजेडाची पेटी लावली आणि फिल्म वर चढवली. आबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. चाळीस वर्षं लोखंड जोडलेल्या त्या माणसाने सांध्याचं आतलं अंग पहिल्यांदाच पाहिलं.

"काळे ठिपके म्हणजे...?"

"छिद्रं."

"सगळी?"

"सगळी."

आबा वाकून बघत राहिले. बोटाने मोजायला लागले, सतराला पोचले आणि नाद सोडून दिला. "आयुष्यात एक फोटो काढला," ते म्हणाले, "आणि त्यात डोळे मिटलेले."

फोटोवालीला हसू आलं आणि हसावं की नाही ते कळेना. आबांनी बोट फिल्मच्या दुसऱ्या टोकाकडे नेलं. तिथे सांध्याची करडी पट्टी एकसारखी पुढे गेली होती, ठिपका म्हणून नाही.

"आणि हा?"

"पुढचा भाग भाऊजींचा. आतला थरही त्यांचाच."

या भागाकडे आबा जास्त वेळ बघत होते. मान तिरकी करून, मग दुसऱ्या बाजूला तिरकी करून. "हरामखोर," ते शेवटी म्हणाले, इतक्या प्रेमाने, की तिने मान फिरवली. "माझ्यापेक्षा चांगला भरतो. मला एकदा तरी बोलला?"

"भाऊजी कुणाला काय बोलतात?"

मग आबा साहेबाच्या खोलीत गेले, आणि ती मागोमाग. साहेब उठून उभा राहिला, खुर्ची पुढे केली. आबा बसले नाहीत. मंगळवारी जेवायच्या सुट्टीत काय झालं ते त्यांनी सांगितलं, आपले रॉड कुठून आले तेही सांगितलं. रजईपाशी साहेबाला खोकला आला आणि तो खिडकीकडे वळला. वळून परत आला तेव्हा चेहरा साहेबाचा होता. कार्ड नसलेल्या माणसाला होल्डर दिला, ही बारीक गोष्ट नव्हती. थोरल्याने तो सांधा स्वतः कोरून काढायचा आणि स्वतः भरायचा. पंधरा दिवस फक्त ग्राइंडर चालवायचा. आणि मुकादमकीचं सहा महिन्यांनी बघू. आबांना यापुढे फाटकाच्या आत यायला बंदी.

"सहा महिने," आबा म्हणाले. "थोरली सून मला कच्चा खाईल."

"तो घरचा मामला," साहेब म्हणाला. "पण बाद तर आहेच हा सांधा. तिसरा बाद. कार्डाचं काय करू? रजिस्टरात कुणाचा तरी नंबर लिहावा लागणार."

"माझा लिहा. नऊ."

"तो नंबर तेरा वर्षांपूर्वी बंद झालाय."

"दुसऱ्या कुणाला दिलाय?"

साहेबाने आठवून पाहिलं. नऊ नंबर कुणाला द्यायचं धाडसच कधी झालं नव्हतं. नव्या पोरांना तो जड जाईल, असं जुने म्हणत.

"मग माझाच आहे," आबा म्हणाले.

साहेबाने फोटोवालीकडे पाहिलं आणि मान डोलावली. तिने रजिस्टर उघडलं. सांध्याचा क्रमांक लिहिला, तारीख लिहिली, वेल्डरच्या रकान्यात नऊ लिहिला. पुढच्या रकान्याशी तिचा हात रेंगाळला. आबा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते.

तिने लिहिलं, बारीक अक्षरात, रेघेला चिकटवून.

"ठळक काढ," आबा म्हणाले. "असं पुसट लिहिलंस तर लोक म्हणतील, घरचा माणूस होता."

तिने पेन दाबून त्याच अक्षरांवरून पुन्हा फिरवलं.

"हां," आबा म्हणाले. "आता दिसतंय, बाद."